डब्यामागे पंधरा रुपये

वाळूजच्या कारखान्यातल्या कामगाराच्या खिशात ईएसआयचं कार्ड असतं. त्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला उस्मानपुऱ्यात डबा करून देणाऱ्या बाईकडे बहुधा काहीच नसतं. पाठ दोघांचीही दुखते, ताप दोघांनाही येतो. एकाच्या आजारपणाची सोय कायद्याने लावलेली आहे, दुसरीची तिच्या मालकिणीच्या स्वभावावर सोडलेली आहे. मला लिहायचं आहे ते या दुसरीबद्दल.

उस्मानपुऱ्यात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. देवगिरी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, क्लासेस, वसतिगृहं. मराठवाडाभरची पोरं इथे खोल्या करून राहतात आणि त्यांच्या जिवावर खानावळी, झेरॉक्सची दुकानं, इस्त्रीवाले, मोबाइल दुरुस्तीवाले चालतात. कुठे पाच माणसं, कुठे सात, फार तर नऊ. एवढ्याशा धंद्याला कंपन्यांसारखा गटविमा झेपत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःच्या आरोग्य विम्यावरचा जीएसटी सरकारने काढून टाकला; पण मालकाने कामगारांसाठी घेतलेल्या गटविम्यावर तो १८ टक्के तसाच राहिला. छोट्या मालकाला दिलासा मिळाला नाहीच.

ज्या दोघांचं बोलणं इथे मांडतो आहे ते दीर-भावजय. नावं मुद्दाम घालत नाही. वहिनींचं पोळी-भाजी केंद्र आहे, रोजचे दीडशे डबे. पाच बायका सकाळी सहा ते अकरा पोळ्या आणि भाज्यांचं बघतात, एक आचारी आहे, एक मुलगा मोटारसायकलवर डबे पोचवतो. भाऊजींनी वाळूजच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये नोकरी केली. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय यातच त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यापासून वहिनींची वही तेच लिहितात, आणि भांडण पेटतं ते बहुतेक वेळा वहीवरूनच.

“वहिनी, हे वीस हजार कशात धरू? पगारात, उचलीत, की दानात?”

“कशातच नका धरू. जमेल तसं देईल ती.”

“आणि नाहीच दिले तर?”

“तर नाही दिले. बाईचा नवरा दवाखान्यात पडलाय आणि मी काय कागद करून घेत बसू, भाऊजी? माझ्याकडे काम करणारीला मी आजवर अडवलेलं नाही. तुमच्या कंपनीत साहेबाच्या खिशातून कधी वीस हजार निघाले का?”

“नाही निघाले. पण साहेबापुढे जाऊन कुणाला रडावंही लागलं नाही.”

वहिनींना हे लागलं. भाऊजींनी वही मागे चाळली. तीन बायकांच्या नावावर उचली होत्या. कुणाच्या बाळंतपणाच्या, कुणाच्या पोराच्या डेंग्यूच्या. दोघींच्या नावापुढे कोरं.

“या दोघींच्या घरी कुणी आजारी पडत नाही का?”

वहिनी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एकीने मंगळसूत्र गहाण टाकलं होतं. मला नंतर कळलं. मी म्हटलं, अगं मला सांगायचं. तर म्हणते, कसं मागू?”

मला हा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. मालक उदार आहे म्हणून कामगाराची सोय झाली असं आपण सहज म्हणतो. पण उदारपणाचा लाभ मिळतो तो ज्याला मागता येतं त्याला. जी भिडस्त आहे, नवी आहे, जिचं मालकिणीशी गेल्या आठवड्यात वाजलं आहे, तिच्यापर्यंत तो पोचत नाही. याला मी वहिनींचा दोष मानत नाही. सोय लिहिलेली नसेल तर ती अशीच वाटली जाणार.

तरी वहिनींची बाजू लंगडी नाही. त्यांनी लगेच विचारलं, “बरं, नियम लिहिला असता तर काय लिहिलं असतं? उचल दहा हजारांपर्यंत. मग त्या बाईला वीस कुठून मिळाले असते? नियमाला माणूस दिसत नाही, भाऊजी.”

“नियम म्हणजे तुमचा हात बांधणं नव्हे. दहा हजार हक्काचे, वरचे तुमच्या मर्जीचे. दहाचं तरी तिला मागायला यायला नको.”

एवढ्यावर दोघांचं जमलं. दहा हजारांपर्यंत बिनव्याजी उचल, महिन्याला हजार कापून फेड, कारण विचारायचं नाही. “कारण विचारायचं नाही” ही अट भाऊजींची. वहिनी त्यावर अडल्या होत्या, मग सोडून दिलं.

पुढचा वाद जास्त अवघड होता. वहिनी म्हणाल्या, “सरकारने सगळ्यांनाच पाच लाखांचे उपचार फुकट केलेत ना? मग मी वेगळं काय द्यायचं?”

हे खरं आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झालेली योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये झाली आणि शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, राज्यातली सगळी कुटुंबं तिच्यात आली. म्हणजे वहिनींच्या पाचही बायका कागदावर आधीपासूनच विमाधारक आहेत.

“कागदावर,” भाऊजी म्हणाले. “आता कागद काढा. एकीचं नाव अजून अंबड तालुक्यातल्या सासरच्या शिधापत्रिकेवर आहे, पोरीचं नाव त्यात चढलेलंच नाही. दुसरीचं आधारवर एक आडनाव, कार्डावर दुसरं. दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, तो आधी हेच दोन कागद मागतो. पेशंट स्ट्रेचरवर असताना आडनाव दुरुस्त होत नाही.”

“मग ते मी कसं करू?”

“तुम्ही करू नका. त्यांना एक दिवस द्या, पगारी. तहसीलच्या पुरवठा शाखेत जायला एक, ई-सेवा केंद्रात एक. एका खेपेत काम होत नाही, म्हणून दोन धरा.”

पोळ्या लाटणाऱ्या बाईला इथे अर्ध्या दिवसाच्या कामाचे महिना आठ हजार मिळतात. सव्वीस दिवसांनी भागलं तर दिवसाला तीनशे सात रुपये आणि वर काही पैसे. दोन दिवसांचे सहाशे पंधरा. ती बाई हे काम वर्षानुवर्षं ढकलत आली कारण सरकारी कचेरी उघडी असते तेव्हा ती कामावर असते, आणि गेली तर वहीत खाडा पडतो. मालकाने त्या दोन दिवसांचा खाडा मांडला नाही, तर पाच लाखांच्या योजनेत तिचं कुटुंब खरोखर येतं. छोट्या धंद्याला देता येईल अशी याहून स्वस्त आणि याहून मोठी सवलत मला तरी माहीत नाही.

धर्मादाय रुग्णालयांचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेप्रमाणे त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांच्या आत असेल तर पहिल्या गटात, तीन लाख साठ हजारांच्या आत असेल तर दुसऱ्या. इथेही उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो आजारी पडण्याआधी घरात असावा लागतो.

विम्याच्या नावाने काहीतरी द्यायचंच असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे: वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख, वयाची अट १८ ते ७०. जीवन ज्योती विमा योजना आहे: वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख, पण पन्नाशीच्या आत नाव नोंदवावं लागतं. वहिनींच्या सात माणसांपैकी एक बाई चोपन्न वर्षांची आहे. म्हणजे सहा जणांचे २,६१६ आणि सातही जणांचे १४०, मिळून २,७५६ रुपये वर्षाचे.

“एवढंच?” वहिनी म्हणाल्या. “मग लगेच भरा.”

“भरायचे पैसे त्यांच्या खात्यातून जातात. एक जूनच्या आधी खात्यातून कापून घेतात. या बायका पगार आला की काढून घेतात, खात्यात राहतं शंभर-दीडशे. बँकेने हात घातला की रक्कम नाही, योजना बंद. आणि कुणाला कळतही नाही.”

“मग वीस मेला मी प्रत्येकीच्या खात्यात साडेचारशे-पाचशे टाकते, आणि सांगते, याला हात लावायचा नाही.”

कामगार कल्याण निधीची गोष्ट निघाली तेव्हा मात्र वहिनी चकित झाल्या. पाच किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्रात हा निधी भरावा लागतो. सहा महिन्यांना कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. १९५३ च्या कायद्याची ही तरतूद आहे. पैसे भरले की कामगाराच्या मुलांना शिष्यवृत्तीसाठी आणि गंभीर आजारात मदतीसाठी कामगार कल्याण मंडळाकडे अर्ज करता येतो. “म्हणजे मला हे आधीपासूनच भरायला हवं होतं?” वहिनींनी विचारलं. भाऊजी हो म्हणाले. विषय तिथेच मिटला. पुढच्या हप्त्यापासून भरायचं ठरलं.

आता राहिला खरा प्रश्न. पाच लाखांची योजना दवाखान्यात दाखल झालेल्या माणसासाठी, आणि ठरलेल्या उपचारांसाठी. बाई तापाने आठवडाभर घरी पडली तर तिचा त्या योजनेशी संबंध येत नाही. डॉक्टरची फी, गोळ्या आणि बुडालेला रोज हे तिचे तिलाच सोसायचे. गरिबाच्या घरात आजारपणाचा पहिला घाव मजुरीवर बसतो, औषधाचा खर्च त्यानंतर. औषधं जनऔषधी केंद्रातून घेतली तर खर्च बराच खाली येतो. खाड्याला मात्र जनऔषधी नाही.

“म्हणून म्हणतो, ईएसआय घ्या,” भाऊजी म्हणाले. “हिशेब केलाय. पाच जणींचे चाळीस हजार, आचाऱ्याचे पंधरा, पोराचे तेरा. अडुसष्ट हजारांचा पगार. तुमचे सव्वातीन टक्के म्हणजे दोन हजार दोनशे दहा. त्यांचे पाऊण टक्का, सगळ्यांचे मिळून पाचशे दहा. एवढ्यात त्यांच्या घरच्यांसकट औषधपाणी, आजारपणात वर्षाला एक्याण्णव दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार, बाळंतपणाला सव्वीस आठवडे. आधीचा आजार आहे का, असं कुणी विचारत नाही.”

“मला लागू कुठे होतो तो? दहा माणसं लागतात ना?”

“सक्तीला दहा लागतात. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत कमी माणसांनाही येता येतं, आपण होऊन. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.”

“आणि एकदा आत गेले की महिन्याच्या महिन्याला पोर्टल, चलन, तारीख. पंधरा तारीख चुकली की व्याज. उद्या कोणी तपासायला आला की चुलीपुढून उठून त्याच्यापुढे वह्या मांडायच्या. शिवाय तुमचा तो दवाखाना चिकलठाण्याला. उस्मानपुऱ्यातून तिथे जाऊन, रांगेत उभं राहून यायचं म्हणजे बाईचा दिवस गेला. खोकल्याच्या औषधासाठी कोण जाईल? गल्लीतल्या डॉक्टरला शंभर देऊन मोकळी होईल ती. मी तेच दोन हजार दोनशे पगारात वाढवून दिले तर?”

“एकेकीला तीनशे येतील. ते गॅसमध्ये जातील. ज्या महिन्यात ऑपरेशन निघेल त्या महिन्यात तीनशेचा काय उपयोग?”

“आणि ज्या महिन्यात ऑपरेशन नाही, त्या बाकीच्या महिन्यांत गॅस भरायला लागत नाही का?”

इथे दोघंही बरोबर आहेत. हातात आलेले तीनशे रुपये आज खरे आहेत, विमा कधीतरी खरा होणार आहे. कमी पगाराच्या माणसाला भविष्याची तरतूद पटत नाही ती अडाणीपणामुळे नव्हे. तिचा आजचा महिनाच अजून पुरा पडलेला नसतो. तरीही माझा कौल भाऊजींकडे आहे, कारण सात जणांचे तीनशे वेगवेगळे असले तर ते कुणालाच वाचवत नाहीत, आणि लाखोंच्या वर्गणीत गेले तर ज्या एकीवर वेळ येते तिला तारतात. महाराष्ट्राला हे नवं नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने एका मालकाकडे न टिकणाऱ्या हमालांसाठी हेच केलं: मजुरीवर मालकांकडून वरची लेव्ही घ्यायची, ती मंडळात जमा करायची आणि त्यातून भविष्यनिधी, रजा, औषधपाणी द्यायचं. एकट्या व्यापाऱ्याला जे शक्य नव्हतं ते सगळ्यांनी मिळून झालं.

ईएसआयच्या कायद्यातच एक अट आहे, तिने या दोघांना शेवटी स्वयंपाकघरात नेलं. आपण होऊन ईएसआय घ्यायचा तर मालक आणि बहुसंख्य कर्मचारी, दोघांची तयारी लागते. म्हणजे विचारावं लागणार. डबे गेल्यावर, परात-लाटणी धुऊन झाल्यावर भाऊजींनी सगळं समजावून सांगितलं.

पहिली बोलली ती ईएसआयवर नव्हे. “दादा, खाड्याचं काय? ताप आला तरी आम्ही येतो, कारण खाडा पडतो. तेवढं बघा आधी.”

मोठ्या दुकानांना २०१७ च्या कायद्याने वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा द्यावी लागते. वहिनींना ती सक्तीची नाही. त्यांची अडचण सरळ होती: बाई आली नाही तर बदली बाई बोलवावी लागते, म्हणजे एका दिवसाचे दोनदा पैसे.

“बदली कशाला?” ती बाई म्हणाली. “चौघी मिळून तिच्या पोळ्या लाटू. तासभर जास्त लागेल. आज तिच्यासाठी, उद्या माझ्यासाठी. तुम्ही फक्त खाडा मांडू नका.”

हे मालकिणीलाही सुचलं नव्हतं आणि टाइम ऑफिसच्या माणसालाही. आठ दिवस तिथल्या तिथे कबूल झाले.

ईएसआयवर मात्र एकमत होईना. दोघींचे नवरे चिकलठाण्याच्या कारखान्यात आहेत, त्यांच्या कार्डावर या आधीच आहेत. “आम्ही पुन्हा साठ रुपये कशाला कापून द्यायचे?” त्यांचं म्हणणं चुकीचं कसं म्हणावं? भाऊजींनी सांगून पाहिलं की नवऱ्याच्या कार्डावर उपचार मिळतात, पण तुमचा बुडालेला पगार मिळत नाही, आणि नवऱ्याची नोकरी गेली की कार्डही जातं. दोघी ऐकून घेत होत्या. तिसरीला वेगळीच धास्ती. “नाव कुठे लागलं तर लाडक्या बहिणीचे पंधराशे बंद होतील.” त्या योजनेच्या अटी कुटुंबाचं अडीच लाखांचं उत्पन्न, आयकर, सरकारी नोकरी अशा आहेत, खासगी ठिकाणी ईएसआय असणं ही अट नाही. भाऊजींनी ते दोनदा सांगितलं. पंधराशे रुपये दर महिन्याला हातात पडणारी बाई कुणाच्या तोंडी शब्दावर ते पणाला लावणार नाही, हेही तितकंच खरं. शेवटी ती हो म्हणाली, पण आधी अंगणवाडीताईंना विचारून.

मग त्या चोपन्न वर्षांच्या मावशी बोलल्या. इतका वेळ त्या पिठाचे डबे पुसत होत्या. “त्या चारशे छत्तीसच्या विम्यात माझं वय बसत नाही म्हणलात. यात बसतं का?”

“यात वयाची अट नाही.”

“मला शुगर आहे.”

“चालतं.”

“मग माझं नाव लिवा.”

वहिनी भाऊजींकडे वळल्या. “बावीसशे दहा म्हणालात ना? दीडशे डब्यांवर किती येतात?”

“डब्यामागे महिन्याला पंधरा रुपये. तेही पूर्ण नाहीत.”

“आणि मे महिन्यात? पोरं गावाला जातात, डबे निम्मे होतात.”

“मेमध्ये बायका आळीपाळीने येतात, पगारही निम्मा निघतो. वर्गणी पगाराच्या टक्क्यात आहे, तीही निम्मी होईल. चलनाची तारीख मी सांभाळतो. जूनचे दर लिहिताना फळ्यावर टाकू या का, पंधरा रुपये कामगारांच्या दवाखान्यासाठी म्हणून?”

“ते नको. दर वाढला, एवढंच लिहा. माझ्या बायकांची आजारपणं पोरांना कशाला दाखवायची?”

सातांत चार सह्या हव्या होत्या. मावशी आणि आणखी दोघी, तीन झाल्या. त्यातली एक अंगणवाडीताईंच्या भरवशावर. चिकलठाणावाल्या दोघी नाही म्हणाल्या. आचारी लग्नसराईत दुसरीकडे जाईन म्हणतो, त्याला कशातच नाव नको. राहिला डबे पोचवणारा मुलगा. बावीस वर्षांचा, दिवसभर क्रांती चौक, स्टेशन रोड, जवाहरनगर असा मोटारसायकलवर. भाऊजींनी त्याला सांगितलं की कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत नव्वद टक्के पगार मिळतो. तो म्हणाला, “मला काय होतंय?”

“सह्यांचा कागद इथे ठेवा,” वहिनी भाऊजींना म्हणाल्या. “त्याच्याशी मी बोलते. त्याच्या आईचा नंबर आहे माझ्याकडे.”